अंजिराखालची माती

पिंकीला पाचवा महिना लागला त्याच सुमाराला बागेतली अंजिरं पिकू लागली. केडगावच्या पुढं, ओढ्याच्या वळणावर तिच्या सासरची वस्ती होती. मागच्या दारातनं पाऊल बाहेर टाकलं की बागच सुरू व्हायची. तळव्याएवढी खरबरीत पानं, बेचक्याबेचक्यांत जांभळट फळं आणि खाली दिवसभर हिरवट सावली. दुपारी त्या सावलीत बसलं की विहिरीच्या तळाशी बसून वर बघतोय असं वाटायचं. वर कुठंतरी ऊन हलायचं, तांबट पक्षी एकसारखा टुक्‌टुक्‌ करत राहायचा, पानांचा दुधट वास नाकात भरायचा आणि पिंकीचे डोळे आपोआप मिटायचे. त्या दिवसांत तिची जाग आणि झोप यांच्यामधला बांध कुणीतरी फोडून टाकला होता. इकडचं पाणी तिकडं जायचं, तिकडचं इकडं यायचं.

तिच्या अंगात रक्त कमी होतं. दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या, पण गोळी घेतली की पोटात ढवळायचं. सासूबाईंचा, सिंधूबाईंचा, तसाही गोळ्यांवर फारसा भरवसा नव्हता. सकाळची तोडणी उरकली की त्या चांगली मऊ, देठाशी मध सुटलेली अंजिरं निवडून आणायच्या, साल सोलायच्या आणि स्वतःच्या हातानं सुनेला भरवायच्या. अंजिराच्या चिकानं त्यांच्या बोटांना कायमच्या चिरा पडलेल्या होत्या. त्या चिरा ओठांना लागायच्या.

"खा. अंजिरानं रगात वाढतं. गोकुळच्या वक्ताला मी दुसरं काय खाल्लं व्हतं?"

"आत्या, पोट भरलं."

"तुझं भरलं आसंल. त्याचं भरलंय का इचार."

सिंधूबाईंना लेक नव्हती. गोकुळ एकुलता एक, तोही कुरकुंभला कंपनीत, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. घरात बोलायला, भरवायला, रागवायला एवढं हक्काचं माणूस त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं.

पिंकीही निमूट खायची. अंजीर गोड होतं, पण तिच्या जिभेला ओढ लागली होती ती निराळ्याच गोष्टीची.

एका दुपारी तिला पहिल्यांदा ती ओढ कळली. पाण्यानं भिजलेली काळी माती बुंध्याशी पुन्हा वाळून तडकली होती, तिच्या पापुद्र्यांच्या कडा वर वळल्या होत्या. पिंकीनं एक पापुद्रा उचलला, नाकाशी नेला आणि कुणीतरी कानात सांगितल्यासारखा जिभेवर ठेवला. तो विरघळला. गार, बारीक, आणि शेवटी अगदी किंचित गोड. इतके दिवस आत काहीतरी हट्ट करत होतं, ते एकदम गप्प झालं. तिनं इकडंतिकडं पाहिलं. बागेत कुणी नव्हतं. मग तिनं दुसरा पापुद्रा उचलला.

त्यानंतर रोजच. भांडी घासून झाली, सासरे, आण्णा, ओट्यावर आडवे झाले, की ती बागेत जायची. लाज वाटायची. उद्यापासून नाही, असं ती रोज ठरवायची, आणि रोज दुपारी तिचे पाय तिला तिथंच घेऊन जायचे.

माती पोटात गेली की स्वप्न पडायचं. तिचं माहेर शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं इनामगाव. तिथं नदीच्या कडेला एक टेकाड आहे. लहानपणी पोरं तिथं रंगवलेल्या खापऱ्या वेचायला जायची. शाळेतले सर सांगायचे, इथं फार जुन्या काळची वस्ती होती. गोल घरं होती. एखादं लेकरू गेलं की ती माणसं त्याला रांजणात घालून घराच्याच जमिनीखाली पुरायची, लांब न्यायची नाहीत. पिंकी तेव्हा ते ऐकून विसरून गेली होती. आता ते परत आलं. स्वप्नात ती अंजिराच्या मुळांना धरून पायऱ्या उतरावं तशी खाली जायची. खाली ती गोल घरं असायची. चुली पेटलेल्या असायच्या. ओळख नसलेल्या बाया भाकरी थापत असायच्या आणि तिला पाहून ओठांवर बोट ठेवायच्या. हळू चाल, लेकरं झोपलीत. पायाखालची जमीन त्या लेकरांच्या श्वासानं हलकेच वरखाली व्हायची. भीती कसली ती वाटायची नाही. उलट तिथून निघावंसंच वाटायचं नाही.

ती माती मुळात तिथली नव्हती. आण्णांची जमीन म्हणजे नुसता मुरूम, कुसळही नीट न उगवणारं. गोकुळ शाळेत असताना एका उन्हाळ्यात ओढ्यावरचा बंधारा आटला आणि त्यात गुडघा गुडघा काळा गाळ उघडा पडला. आण्णांनी ट्रॅक्टर लावून तो वाहिला, मुरमावर पसरला आणि त्यात अंजिराची रोपं लावली. झाडं अशी फोफावली की लांबलांबचे लोक बाग बघायला यायचे. आण्णा मूठभर माती उचलून त्यांच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघा. लोणी हाय, लोणी."

यंदा पुण्याच्या एका जॅम करणाऱ्या कंपनीनं त्यांची फळं घ्यायची ठरवली होती. त्यांनी आधी नमुना नेला आणि काही दिवसांनी फोन आला की फळ घेता येत नाही, त्यात शिसं सापडलं.

"शिसं?" आण्णा फोनवर ओरडले. "अवो, झाडावरनं तोडलेली फळं हायेत ती. त्यात शिसं कोण घालंल?"

फोन करणाऱ्या पोरीनंच कृषी संशोधन केंद्रातल्या एका बाईंना कळवलं, आणि एके सकाळी जीपमधून सुलक्षणा मॅडम वस्तीवर आल्या. पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी बागेत फिरून माती घेतली, पानं घेतली, फळं घेतली, एका झाडाच्या बुंध्याशी उकरून बारीक मुळं घेतली. मग विचारलं, "आण्णा, हा गाळ कुठला?"

आण्णांनी बंधारा दाखवला. मॅडम ओढ्याच्या कडेनं वर चालत गेल्या. तिथं बाभळींत एक पडकी शेड होती. एके काळी तिथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. मालक कुठला होता, कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. कामाला बाहेरची, हिंदी बोलणारी माणसं होती. एक दिवस सगळं गुंडाळून ती गेली. मागं फुटक्या काळ्या डब्यांचा ढीग राहिला, तोही पुढं दर पावसाळ्यात थोडा थोडा ओढ्यात गेला. आण्णा मॅडमच्या मागं उभे राहून शेडच्या पडक्या भिंतींकडं बघत राहिले. ती शेड तिथंच, त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण ती आणि आपली बाग यांचा काही संबंध असेल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

तपासणी झाल्यावर मॅडम पुन्हा आल्या. ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं. पिंकी आत उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती.

"मातीत शिसं फार आहे. मुळांत त्याहून कमी, पानांत आणखी कमी. फळात सगळ्यात कमी. पण खायला जेवढं चालतं त्याच्या थोडं वरच."

"म्हंजी झाडानं आडवलं," आण्णा म्हणाले.

"बरंचसं मुळांनी धरून ठेवलं. सगळं नाही धरता आलं."

"पर मॅडम, चवीला कसली फळं हायेत!"

"चवीवरनं ते कळत नाही, आण्णा. दिसतही नाही, वासही येत नाही." "खरी काळजी मातीची आहे. हाताला लागते, धूळ होऊन घरात येते. तुम्ही सगळ्यांनी एकदा रक्त तपासून घ्या. सूनबाईंनी तर आधी."

त्या दुपारी पिंकीनं बागेत पाऊलही टाकलं नाही. दुसऱ्या दुपारी टाकलं. आपण काय करतोय हे पुरतं ठाऊक असून तिच्या हातानं पापुद्रा उचलला, तेव्हा तिला स्वतःचीच भीती वाटली.

रजा टाकून गोकुळ सगळ्यांना दौंडला घेऊन गेला. आण्णा बागेत हिंडता हिंडता दिवसभर फळं खाणारे. त्यांच्या रक्तात शिसं होतं, पण डॉक्टरीणबाईंना फार चिंता वाटावी इतकं नव्हतं. सिंधूबाईंचं तसंच. गोकुळचं नावाला. पिंकीचा आकडा मात्र बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"या रोज किती अंजिरं खातात?"

"दोन. कवा तीन," सिंधूबाई म्हणाल्या. "मीच भरवते."

"तेवढ्यानं एवढं होणार नाही." त्या पिंकीकडं वळल्या. "पिंकी, आणखी काही खातेस का गं? माती, राख, खडू? खूप जणींना तसे डोहाळे होतात. रक्त कमी असलं की होतातच. सांग मोकळेपणानं."

सासू शेजारी, नवरा मागं. पिंकीनं मान हलवली. "न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी मग समजावून सांगितलं. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शरीर शिसं जास्त ओढून घेतं. ते आईकडनं बाळाकडं जातं. बाळाच्या मेंदूला ते बरं नाही. अंजीर बंद, दूध वाढवा, गोळ्या नेमानं घ्या, पुन्हा तपासू.

गाडीत सिंधूबाई खिडकीतनं बाहेर बघत राहिल्या. उसाचे फड मागं पळत होते. वस्ती येईस्तोवर त्या एकच वाक्य बोलल्या, तेही स्वतःशीच. "ह्या हातानं भरवलं म्या."

त्या दिवसापासून सिंधूबाई सुनेच्या ताटाला हात लावीनात. स्वयंपाक पिंकीनंच करायचा, वाढूनही तिनंच घ्यायचं. पूर्वी त्या जाता येता तिच्या पोटावर हात ठेवायच्या, आता जवळ आल्या की हात पदरात लपवायच्या. त्यांचं जेवण तुटलं. भाकरीचा तुकडा मोडायच्या आणि तसाच ताटात ठेवून उठायच्या. गोकुळ म्हणाला, "आई, तुला काय ठाव व्हतं?" तर म्हणाल्या, "ठाव नव्हतं म्हणून इख अमृत व्हतं का?"

पिंकी हे सगळं झोपेतल्यासारखं बघत होती. घर तेच, माणसं तीच, पण सगळी पाण्याखालनं चालत असल्यासारखी. एकदा तिला स्वप्नात त्या गोल घरांमध्ये सिंधूबाई दिसल्या. त्या चुलीपुढं बसल्या होत्या आणि स्वतःची बोटं एकेक करून विस्तवात घालत होत्या. पिंकी हाका मारत होती, पण तिच्या तोंडात माती भरली होती. आवाज फुटत नव्हता.

ती दचकून जागी झाली. उन्हं कलायला लागली होती. सिंधूबाई मागच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. पिंकी त्यांच्या शेजारून बागेत गेली, पहिल्याच झाडाखाली वाकली, एक पापुद्रा उचलून परत आली आणि त्यांच्यासमोर तळहात उघडला.

"आत्या, मी ही खात व्हते."

सिंधूबाईंना आधी कळलंच नाही. "काय?"

"माती. बहार सुरू झाल्यापासनं. रोज. अंजिरानं न्हाई झालं मला. तुमच्या हातानं काय बी न्हाई झालं."

सूप मांडीवरनं घसरलं. सिंधूबाई उठल्या, तिच्या हातावर जोरात फटका मारून त्यांनी ती माती उडवली, मग तिचं मनगट धरून तिला ओढत मोरीपाशी नेलं. तांब्यानं पाणी घेऊन तिला चुळा भरायला लावल्या. पदराचं टोक ओलं करून तिची जीभ, हिरड्या, दातांच्या फटी, सगळं लहान पोराचं पुसावं तसं खसाखसा पुसून काढलं. पिंकीला ओकारी येत होती, रडू येत होतं.

"डाक्टरीन इचारत व्हती तवा तोंड शिवलं व्हतं का?"

"लाज वाटली."

"आन् मी मरत व्हते ती दिसत नव्हती का तुला?"

"दिसत व्हत्या. म्हणून तर सांगितलं."

सिंधूबाईंचा हात थांबला. ओल्या पदरावर काळी रेघ उमटली होती. त्यांनी ती पाहिली आणि मोरीच्या कडेवर बसकण मारून सुनेला पोटाशी धरली. बऱ्याच दिवसांनी त्यांचा हात तिच्या पोटावर टेकला. आत बाळ हललं, ते दोघींनाही कळलं.

संध्याकाळी सिंधूबाईंनीच आण्णांना सांगितलं. मग फटका आण्णांना बसला. ते उठून बागेत गेले. गोकुळ कामावरनं आला तेव्हा ते एका झाडाला टेकून बसले होते.

"गाळ म्या आणला," ते म्हणाले. "लोणी म्हणत व्हतो त्याला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मॅडमना बोलावलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आण्णा, ज्यांनी हे ओढ्यात सोडलं ते निघून गेले. तुम्ही इथं राहिलात म्हणून सगळं तुमच्याच अंगावर घेऊ नका."

"ते ऱ्हाऊ द्या. आता काय करायचं तेवढं सांगा."

"फळझाड ठेवायचं नाही. पण मुळासकट उपटूही नका. मुळांनी जे धरलंय ते त्यांच्यापाशीच राहू द्या. बुडापासून कापा, वर दाट गवत लावा, माती उघडी ठेवू नका. ते गवत जनावरांना घालायचं नाही. आणि हे लाकूड चुलीत मुळीच नको."

झाडं तोडायला आण्णांनी कुणाला बोलावलं नाही. करवत घेऊन ते एकटेच लागले. पिंकी दारात बसून बघत होती. करवत फिरली की बुंध्यातनं पांढराशुभ्र चीक वाहायचा, सालीवरनं ओघळून काळ्या मातीवर पडायचा. फांद्यांवर अजून फळं होती. एक झाड पडलं की तेवढं आभाळ उघडं व्हायचं. दिवसामागून दिवस आभाळ वाढत गेलं. शेवटी मागच्या दारातनं थेट ओढा दिसायला लागला आणि पिंकीला उजेड सोसेना. तिला वाटलं, फार लांबच्या झोपेतनं कुणीतरी आपल्याला उठवलं आहे.

डॉक्टरीणबाईंना तिनं या वेळी खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. वस्तीपासून लांब राहा म्हणाल्या. म्हणून बाळंतपणाला ती लवकरच इनामगावला गेली, आणि तिच्या मागोमाग पिशवी घेऊन सिंधूबाईही गेल्या. सुनेच्या माहेरी सासू मुक्कामाला, यावर अख्खी आळी हसली. पिंकीची आई, जाईबाई, आधी अवघडली.

"ताई, माझी बी लेकच हाय ती. मी बघते की."

"बघा तुमी. मी बी बघते," सिंधूबाई म्हणाल्या. "दुपारचं दोघी लागतील."

खरंच लागायच्या. दुपार झाली की पिंकीची नजर अंगणातल्या ढेकळांकडं जायची. सिंधूबाई लगेच तिच्या मुठीत गरम फुटाणे द्यायच्या. "चाव. ओढ गेली न्हाई तर आणखी चाव." कधी त्यानं भागायचं, कधी नाही. नाही भागलं तर पिंकी त्यांचा हात घट्ट धरून बसायची, इतका की चिरा पडलेल्या त्या बोटांना कळ लागायची. सिंधूबाई हात सोडवून घेत नसत.

श्रावणात शिरूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. जरा कमी वजनाची, पण रडली ठणठणीत. तिच्या रक्तात थोडं शिसं निघालं. तोवर आईचं बरंच उतरलं होतं. वाढ बघत राहू, दर काही महिन्यांनी तपासू, आत्ताच कशाची खात्री देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पिंकी रोज तिच्या कानाशी चुटकी वाजवायची. पोरगी मान वळवायची. तरी दुसऱ्या दिवशी पिंकी पुन्हा वाजवायची.

वस्तीवर गवत कमरेएवढं झालं, उघडी माती कुठं राहिली नाही, तेव्हा पिंकी लेकीला घेऊन परतली. कापलेल्या खोडांना धुमारे फुटतात, आण्णा ते दिसले की खुडून टाकतात. वरच्या मुरमाच्या पट्टीत, गाळ कधी पडला नव्हता तिथं, त्यांनी शेवंती लावली आहे. बागेसारखी ती फोफावली नाही. फुलं बारकी येतात.

पोरीचं उष्टावण वस्तीवरच झालं. खीर भरवायला पिंकीचा भाऊ सार्थक इनामगावहून आला. येताना तांदूळ, गूळ, सगळं घेऊन आला. सिंधूबाईंनी पिशवी उघडली.

"तांदूळ कुठला ह्यो?"

"बाजारातला, आत्या."

"बाजारात कुठनं आला?"

सार्थक हसला. "आता ते मला काय ठाव? दुकानदाराला बी ठाव नसंल."

सिंधूबाई हसल्या नाहीत. तांदूळ तळहातावर घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या. बघून कळणार नाही हे त्यांना माहीत होतं. पिंकी त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिनं पातेल्यात पाणी घेतलं, त्यांच्या हातातले तांदूळ त्यात सोडले आणि धुवायला लागली. पाणी गढूळ झालं, ते तिनं ओतलं, पुन्हा घेतलं. ते निवळ दिसेपर्यंत दोघी धूत राहिल्या. मग सिंधूबाईंनी चूल पेटवली.

खीर निवल्यावर सार्थकनं भाचीला मांडीवर घेतलं आणि चांदीच्या वाटीतनं बोटभर खीर तिच्या ओठांना लावली. पोरीनं तोंड वाकडं केलं. सगळे हसले. तिनं जीभ बाहेर काढून ओठ चाटले, जरा विचारात पडल्यासारखी थांबली आणि वाटीकडं हात लांबवला.